सेबोर्गाचा दावा : विक्रीची नोंद नाही, म्हणून गाव स्वतंत्र?

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, फ्रान्सच्या सीमेजवळ, सेबोर्गा नावाचं एक गाव आहे. लिगुरिया प्रांत, इम्पेरिया जिल्हा. खाली भूमध्य समुद्राच्या काठी बोर्दिगेरा हे शहर, आणि तिथून वळणावळणाचा रस्ता चढत सुमारे पाचशे मीटर उंचीवर गेलं की हे गाव लागतं. वस्ती तीनशेच्या आसपास. दगडी घरं, अरुंद बोळ, छोटा चौक, चर्च. अशी गावं या डोंगरात बरीच आहेत. पण इथे निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा वेगळा झेंडा फडकतो, 'लुइजिनो' नावाची नाणी मिळतात आणि गावाला निवडून दिलेली राजकन्या आहे.

गावातल्या अनेकांचं म्हणणं असं की सेबोर्गा इटलीत कायदेशीररीत्या कधी सामील झालंच नाही. गाव एका मठाचं संस्थान होतं आणि 1729 साली मठाने ते विकलं खरं, पण त्या विक्रीची रीतसर नोंद झाली नाही. नोंद नाही म्हणजे विक्री नाही, आणि विक्री नाही म्हणजे जुनं संस्थान आजही जिवंत आहे.

बहुतेक बातम्या या दाव्याची गंमत करून सोडून देतात. मला तो गमतीवारी नेण्यासारखा वाटत नाही. एखादी जमीन एखाद्या देशाची कशी ठरते, हा एरवी डोक्यावरून जाणारा प्रश्न तीनशे माणसांच्या गावात नीट हातात धरून पाहता येतो. म्हणून हा दावा पायरीपायरीने तपासू.

आधी सीमेचं समजून घ्यायला हवं, कारण आज जी इटली-फ्रान्स सीमा दिसते ती या गावाच्या मानाने फार तरुण आहे. अठराव्या शतकात इटली नावाचा देशच नव्हता. सेबोर्गाच्या आजूबाजूचा बराचसा किनारा जेनोवाच्या प्रजासत्ताकाकडे होता. पश्चिमेला नीस सावॉय घराण्याकडे होतं, 1388 पासून. पूर्वेला ओनेल्या हे बंदरही 1576 पासून सावॉयकडेच होतं. म्हणजे सावॉयचे दोन तुकडे आणि मधे जेनोवा. 1815 च्या व्हिएन्ना परिषदेत जेनोवाचा सगळा मुलूख सावॉय घराण्याच्या सार्डिनिया राज्याला मिळाला आणि तुकडे जोडले गेले. मग 1860 मध्ये त्याच राज्याने इटलीच्या एकीकरणाला फ्रान्सचा पाठिंबा मिळवण्याच्या बदल्यात नीस आणि सावॉय हे प्रांत फ्रान्सला देऊन टाकले. त्या सुमारास वेंतिमिल्या आणि मांतों या किनाऱ्यावरच्या गावांमध्ये देशाची सीमा आली, आणि सेबोर्गा सीमेजवळचं गाव झालं. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 च्या पॅरिस तहाने वरच्या डोंगरातली तेंदा आणि ब्रिगा ही गावंही फ्रान्सकडे गेली. या भागातल्या माणसांना देश बदलणं ही पुस्तकातली गोष्ट नाही. घर जागेवर असतं, सरकार हलतं.

आता सेबोर्गाकडे. दाव्याची सुरुवात सन 954 पासून होते. परंपरा सांगते की वेंतिमिल्याच्या ग्वीदो नावाच्या सरदाराने हे ठिकाण लेरांच्या बेनेडिक्टाइन मठाला दान दिलं. लेरांचा मठ आजच्या फ्रान्समध्ये, कान शहरासमोरच्या सेंत-ओनोरा या छोट्या बेटावर आहे, आणि तो फार जुना, पाचव्या शतकातला. दानाचा तो दस्त मात्र इतिहासकार खरा मानत नाहीत. मठाने आपला हक्क पक्का करण्यासाठी तो मागाहून तयार केला असावा, असं त्यांचं मत आहे. मध्ययुगीन मठांच्या दप्तरांत असे दस्त पुष्कळ सापडतात. 1079 मध्ये मठाधिपतीला पवित्र रोमन साम्राज्याचा राजपुत्र करण्यात आलं, अशीही एक गोष्ट सांगितली जाते. तिलाही भक्कम आधार नाही.

पण दस्त बनावट म्हणून सगळंच खोटं, असंही नाही. मठाकडे सेबोर्गाची जहागिरी शतकानुशतकं होती, याबद्दल वाद नाही. न्यायनिवाडा, कर, जमिनी, हे सगळं भिक्षूंच्या हातात होतं आणि मठाधिपती स्वतःला सेबोर्गाचा राजपुत्र म्हणवत असे. आजूबाजूला बराचसा जेनोवाचा मुलूख, आणि मधे दूरच्या एका बेटावरच्या मठाची ही डोंगरी जहागीर.

या जहागिरीचा सगळ्यात रंजक पुरावा म्हणजे नाणी. 1666 मध्ये मठाने सेबोर्गात टांकसाळ उघडली. एवढ्याशा गावात टांकसाळ कशाला? उत्तर तुर्कस्तानात आहे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या नावाचं एक लहान चांदीचं नाणं चालत होतं. ते व्यापाऱ्यांबरोबर ऑटोमन साम्राज्याच्या बाजारांत पोचलं आणि तिथे त्याला विलक्षण मागणी आली. नक्षीदार, हलकं, चेहरा कोरलेलं हे नाणं बायका दागिन्यांत ओवायच्या, कपड्यांवर लावायच्या. दोंब या छोट्या संस्थानाच्या राजकन्येचा चेहरा असलेलं नाणं तर इतकं आवडलं की इतरांनी त्याच्या नकला सुरू केल्या. चांदीच्या किमतीपेक्षा जास्त भाव मिळतोय म्हटल्यावर फ्रान्स आणि इटलीतल्या कितीतरी छोट्या जहागिरदारांनी आपापल्या टांकसाळी लावल्या. लुईवरून या नाण्यांना इटलीत 'लुइजिनो' म्हणत.

सेबोर्गाचे भिक्षू त्यातलेच. टांकसाळ त्यांनी स्वतः चालवली नाही, भाडं घेऊन ठेकेदाराला दिली. पण सगळेच जास्त नफ्याच्या मागे लागल्यावर जे व्हायचं तेच झालं. नाण्यांतली चांदी कमी होत गेली, तांबं वाढत गेलं. तुर्की बाजाराला फसवणूक कळली आणि 1660 चं दशक संपता संपता तिथल्या सत्तेने ही नाणी बंद केली. सेबोर्गाची टांकसाळ त्यानंतरही काही वर्षं रखडत चालली आणि वीसेक वर्षांत कायमची थांबली. आज सेबोर्गाचे जुने लुइजिनो दुर्मीळ आहेत आणि नाणेसंग्राहक त्यांच्यामागे असतात.

नाणं पाडणं हे त्या काळी राज्यसत्तेचं लक्षण मानलं जाई. म्हणून स्वातंत्र्याची बाजू मांडणारे म्हणतात : आमची स्वतःची टांकसाळ होती, म्हणजे आम्ही राज्य होतो. या युक्तिवादात दम आहे, पण मर्यादित. त्याच वर्षांत शेजारपाजारच्या अनेक लहान जहागिऱ्याही नाणी पाडत होत्या. त्या सगळ्या आजच्या अर्थाने स्वतंत्र देश नव्हत्या. साम्राज्य, राजा, पोप, सरदार अशा अनेक थरांत सत्ता वाटलेली असण्याचा तो काळ. 'देश किंवा देश नाही' अशी आजची सरळ विभागणी त्यावर बसत नाही.

टांकसाळ बंद झाली आणि मठ मात्र कर्जातच राहिला. दूरची जहागीर सांभाळणं परवडेना. गिऱ्हाईक तयारच होतं. सावॉयचा व्हित्तोरियो आमेदेओ दुसरा आता सार्डिनियाचा राजा झाला होता, आणि नीस व ओनेल्याच्या मधे, जेनोवाच्या मुलखात पाय रोवायला जागा मिळाली तर त्याला ती हवीच होती. जानेवारी 1729 मध्ये पॅरिसमध्ये करार झाला आणि सेबोर्गा सावॉयकडे गेलं.

इथेच दाव्याची खरी गाठ आहे. सेबोर्गावाले म्हणतात की या विक्रीची नोंद सावॉयच्या दप्तरात झाली नाही आणि व्यवहार पुरा झालाच नाही. युरोपातल्या सत्तांनी 1748 मध्ये केलेल्या एक्स-ला-शापेल तहात सेबोर्गाचं नाव नाही. 1815 च्या व्हिएन्ना परिषदेच्या कागदांत नाही. 1861 मध्ये इटलीचं राज्य झालं तेव्हाही वेगळा उल्लेख नाही. मग आम्ही इटलीत आलो कधी?

हे समजून घ्यायला आपला सातबारा उपयोगी पडेल. समजा एखाद्या जमिनीचं खरेदीखत झालं, ताबा दिला, पण तलाठ्याकडे फेरफार झाला नाही आणि सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव राहिलं. म्हणून खरेदी रद्द होते का? नाही. सातबारा हा महसुलाचा दाखला आहे, मालकी त्याने जन्मत नाही, हे आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. आता त्यापुढे जाऊ. समजा खरेदीखतातच काही दोष निघाला. तरी घेणारा माणूस वर्षानुवर्षं उघडपणे जमीन कसतोय, सारा भरतोय आणि कुणी हरकत घेत नाही, तर एका मुदतीनंतर कायदा त्याच्या वहिवाटीला मान देतो. भारतात खासगी जमिनीसाठी ही मुदत 12 वर्षांची आहे.

देशांच्या बाबतीत मुदतीचा असा ठरलेला आकडा नाही, पण तत्त्व ओळखीचं आहे. 1928 मध्ये पालमास या बेटावरून अमेरिका आणि नेदरलँड्स यांच्यातल्या वादाचा निकाल स्विस लवाद माक्स हूबर यांनी दिला. अमेरिकेची बाजू अशी की बेट पहिल्यांदा स्पेनने पाहिलं, स्पेनचे हक्क तहाने आमच्याकडे आले. नेदरलँड्सची बाजू अशी की आम्ही तिथे दीर्घकाळ, शांतपणे आणि उघडपणे सत्ता चालवत आलो आहोत. निकाल नेदरलँड्सच्या बाजूने लागला. जुन्या हक्काच्या नुसत्या दाखल्यापेक्षा सतत आणि बिनविरोध चालवलेली सत्ता भारी ठरली. सार्वभौमत्वाच्या वादांत हा निकाल आजही दाखल्यासारखा वापरतात.

ही फूटपट्टी सेबोर्गाला लावली की उत्तर अवघड राहत नाही. 1729 नंतर सार्डिनियाच्या राजांनी आणि पुढे इटलीने इथे कर घेतले, कायदे लावले, तरुणांना सैन्यात भरती केलं, शाळा आणि नगरपालिका चालवल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत याला कुणी गंभीर हरकत घेतली नाही. मधला नेपोलियनचा काळ सोडला तर ही वहिवाट दोनशे वर्षांहून अधिक होते.

तहांत नाव नसण्याचा मुद्दाही टिकत नाही. तहांत प्रत्येक खेड्याची यादी नसते. उलट सेबोर्गा तेव्हा वेगळं राज्य मानलं जात असतं, तर त्याचा उल्लेख करण्याची गरज पडली असती.

याहून एक अवघड प्रश्न आहे आणि तो फार कमी वेळा विचारला जातो. विक्री झालीच नाही असं मानलं, तर जहागीर कुणाची राहते? विकणाऱ्याची. म्हणजे लेरांच्या मठाची, गावकऱ्यांची नव्हे. तो मठ तर फ्रेंच क्रांतीच्या तोंडावर बंद पडला, बेट जप्त होऊन विकलं गेलं, आणि आज तिथे 1869 पासून सिस्टर्शियन पंथाचे भिक्षू आहेत. गावाचं उत्तर असं की मठाधिपती निवडून येत असे, म्हणून सेबोर्गाची गादी निवडणुकीची, आणि मठ बाजूला झाल्यावर निवडण्याचा हक्क प्रजेकडे आला. मन ओढून घेणारं उत्तर आहे. पण मठाधिपतीला निवडणारे भिक्षू होते, सेबोर्गाचे शेतकरी नव्हते. त्या शेतकऱ्यांच्या हाती भिक्षूंच्या काळात काहीच नव्हतं. आजचं सेबोर्गा त्यांना जे देतं, ते जुन्या संस्थानाने कधी दिलं नाही.

आणखी एक पळवाट सांगितली जाते : राजाने गाव खासगी मालमत्ता म्हणून घेतलं, राज्याला जोडलं नाही, आणि 1946 मध्ये इटलीत राजेशाही संपल्यावर ते मोकळं झालं. याला इटलीच्या राज्यघटनेतच उत्तर आहे. घटनेच्या अखेरच्या संक्रमणकालीन तरतुदींतली तेरावी तरतूद सांगते की सावॉयच्या माजी राजांची देशातली मालमत्ता सरकारजमा होईल. आणि पाचवं कलम प्रजासत्ताक एकसंध आणि अविभाज्य असल्याचं सांगतं.

मग सॅन मरिनो आणि मोनाको कसे देश आहेत, असं कुणीही विचारेल. मोनाको तर सेबोर्गापासून गाडीने तासाभराच्या आत आहे. फरक आकाराचा नाही, शेजाऱ्याने काय मान्य केलं याचा आहे. सॅन मरिनोने 1862 मध्ये नव्या इटलीशी मैत्रीचा तह केला, म्हणजे इटलीने त्याला वेगळा देश मानून सही केली. मोनाकोची गोष्ट अधिक बोलकी आहे. 1848 मध्ये त्याची मांतों आणि रोकब्रून ही दोन गावं बंड करून फुटली. 1861 मध्ये राजाने त्या गावांवरचा हक्क चाळीस लाख फ्रँक घेऊन फ्रान्सला दिला आणि बदल्यात उरलेल्या मोनाकोचं स्वातंत्र्य फ्रान्सकडून मान्य करून घेतलं. जवळजवळ सगळा मुलूख देऊन त्याने देशपण राखलं. सेबोर्गाने असा तह केला नाही, कारण तह करायला त्या काळी सेबोर्गाकडे स्वतःचं सरकारच नव्हतं.

देश कशाला म्हणावं यासाठी 1933 च्या मोंतेविदेओ कराराच्या चार कसोट्या सांगतात : कायमची लोकवस्ती, ठरलेला मुलूख, सरकार, आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. सेबोर्गाकडे पहिली आहे. बाकीच्या तीन इटलीच्या हातात आहेत.

इतकं सगळं विरुद्ध असताना हा दावा उभा कसा राहिला, हे समजायला गावाच्या शेतात जावं लागतं. हा सगळा किनारा फुलशेतीचा आहे. त्याला 'फुलांचा किनारा' म्हणूनच ओळखतात, आणि सान रेमोचा फुलबाजार युरोपभर प्रसिद्ध होता. सेबोर्गाच्या उतारांवर मिमोझा होतो : थंडीच्या अखेरीस पिवळ्या गोंड्यांनी लगडणारं बाभळीच्या कुळातलं झाड. इटलीत 8 मार्चला, महिला दिनी, बायकांना मिमोझाची डहाळी द्यायची प्रथा 1946 पासून आहे, त्यामुळे या फुलाला हुकमी दिवस मिळाला. कळ्यांच्या फांद्या कापून उबदार, दमट खोलीत ठेवतात म्हणजे फूल हव्या त्या वेळी उमलतं.

जॉर्जो कार्बोने या फुलशेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचे प्रमुख होते. त्यांनी जुनी कागदपत्रं चाळली, 1729 च्या व्यवहारातली फट त्यांच्या नजरेस आली आणि त्यांनी ती गावाला पटवली. 1963 मध्ये गावाने त्यांना राजपुत्र निवडलं. ते जॉर्जो पहिले झाले. पुढची तीसेक वर्षं फारसं काही घडलं नाही. मग 23 एप्रिल 1995 रोजी गावाने स्वतःचं मतदान घेतलं. सेबोर्गाच्या स्वतःच्या घटनेच्या आणि स्वातंत्र्याच्या बाजूने 304 मतं पडली, विरोधात 4. इटलीने त्याची दखल घेतली नाही आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातही त्याला वजन नव्हतं. स्वयंनिर्णयाचा हक्क प्रामुख्याने वसाहतींखालच्या जनतेसाठी विकसित झाला, आणि सेबोर्गाच्या माणसाला इटलीत इतर कुणाही नागरिकाइतकेच हक्क आहेत.

पण मतदानाने गाव जगाच्या नकाशावर आलं. नवे लुइजिनो निघाले, एका लुइजिनोचा भाव सहा अमेरिकी डॉलर ठरवला गेला. तिकिटं छापली, गाड्यांना निळ्यापांढऱ्या पाट्या लागल्या, 20 ऑगस्ट म्हणजे संत बर्नार्डचा दिवस राष्ट्रीय सण झाला. इटलीची आणि फ्रान्सची कितीतरी डोंगरी गावं याच काळात ओस पडत होती. तरुण खाली किनाऱ्यावर उतरत होते, शाळा आणि दुकानं बंद होत होती. सेबोर्गात मात्र लोक चढून येऊ लागले. कार्बोने यांचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांचा कायदा चुकला असेल, पण गावाला जगण्याचं कारण लागतं हे त्यांना अचूक कळलं होतं. ते नोव्हेंबर 2009 मध्ये वारले, तोपर्यंत पदावर होते.

त्यांच्यानंतर 2010 मध्ये उद्योजक मार्चेल्लो मेनेगात्तो निवडून आले आणि 2019 मध्ये त्यांनी पद सोडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नीना मेनेगात्तो आणि कार्बोने यांच्या कन्या यांच्यात लढत होऊन नीना निवडून आल्या. सेबोर्गाच्या त्या पहिल्या राजकन्या. मुदत सात वर्षांची.

रोजच्या व्यवहारात मात्र संभ्रम नाही. सेबोर्गाची माणसं इटलीला कर भरतात, इटलीच्या निवडणुकांत मत देतात आणि इटलीचाच पासपोर्ट वापरतात. गावाला इटलीच्या कायद्याने निवडलेला महापौर आहे आणि कचऱ्यापासून रस्त्यापर्यंतची कामं नगरपालिका बघते. राजकन्येकडे समारंभ, प्रसिद्धी आणि दाव्याचा पाठपुरावा असतो. दुकानात युरो चालतात. लुइजिनो बहुतेक लोक आठवण म्हणून घेतात.

कुणाला जायचं असेल तर नीसहून किंवा जेनोवाहून किनाऱ्याची रेल्वे पकडून वेंतिमिल्या किंवा बोर्दिगेराला उतरायचं आणि तिथून रस्त्याने वर जायचं. मिमोझा बघायचा तर फेब्रुवारीत. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा पुरतो, सेबोर्गासाठी वेगळं काही लागत नाही. गावात स्मृतिशिक्का मिळाला तर तो वहीत किंवा पोस्टकार्डावर घ्यावा. खऱ्या पासपोर्टाच्या पानावर मान्यता नसलेला शिक्का उमटला, तर पुढच्या एखाद्या विमानतळावर अधिकारी त्याबद्दल प्रश्न विचारू शकतो.